हाताला हुनर, घराला खबरदारी : सोल्डरिंगचे पहिले धडे

पूर्वी गल्लीत कल्हईवाल्याची हाक आली की घरोघरची तांब्या-पितळेची भांडी बाहेर निघत. भाता, कोळसा, नवसागर आणि कथलाची कांडी एवढाच त्याचा सरंजाम. भांडे तापवायचे, नवसागर फिरवायचा आणि कथील टेकवायचे. पाहता पाहता भांडे आतून चांदीसारखे झळके. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुस्लिम घरांची चूल या कामावर पेटत असे. स्टील आले आणि कल्हई मागे पडली, पण त्यामागची विद्या संपली नाही. मोबाईल, मिक्सर, इन्व्हर्टर दुरुस्त करणारा कारागीर आज सोल्डरिंग करतो, तेव्हा नियम तेच असतात. धातू स्वच्छ हवा, धातू तापलेला हवा आणि कथील आपणहून पसरले पाहिजे.

घरातल्या मुलाला किंवा मुलीला या कामाची आवड असेल, तर शिकवण्यासारखा हा हुनर आहे. मात्र त्यात आग आहे आणि शिसेही आहे. म्हणून शिकणाऱ्याने आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी काही गोष्टी आधीच समजून घ्याव्यात.

सामान काय लागते?

सुरुवातीला २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न पुरेसा आहे. त्यासोबत लोखंडी स्टँड, ओला स्पंज, कटर, चिमटा, डोळ्यांना चष्मा आणि चुकलेला जोड काढण्यासाठी सोल्डर ओढणारा पंप घ्यावा. पुढे एक साधा मल्टिमीटरही लागेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळे मिळते. तालुक्याच्या गावी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चौकशी करावी.

सोल्डरची तार ही कथील आणि शिसे यांची मिश्रधातू असते. ६० भाग कथील आणि ४० भाग शिसे हे प्रमाण सर्रास चालते. ६३ आणि ३७ या प्रमाणातली तार तर नेमकी १८३ अंश सेल्सिअसला वितळते आणि लगेच घट्ट होते, म्हणून नवशिक्याला ती सोपी जाते. तारेच्या पोटात राळ भरलेली असते. कल्हईत नवसागर जे काम करतो, तेच इथे राळ करते : धातूवरचा गंज आणि मळ दूर करते. पण सर्किटवर नवसागर किंवा आम्लाची पेस्ट कधीही लावू नये. त्याने जोड तेव्हा छान दिसतो, पुढे तांबे खाल्ले जाते.

जोड कसा करावा?

जुन्या, बंद पडलेल्या रेडिओची पट्टी किंवा छिद्रांची साधी सर्किट पट्टी घेऊन सराव करावा. आयर्न पूर्ण तापला की टोक ओल्या स्पंजवर पुसावे आणि त्यावर थोडे सोल्डर चढवावे. टोक चकचकीत राहिले तरच उष्णता नीट पुढे जाते.

आता तापलेले टोक पट्टीवरचा तांब्याचा ठिपका आणि सुट्या भागाची तार या दोहोंना एकाच वेळी टेकवावे. एक-दोन सेकंदांनी सोल्डरची तार जोडावर लावावी, आयर्नच्या टोकावर नाही. नवशिक्यांची गाडी इथेच अडते. टोकावर सोल्डर वितळवून ते जोडावर थापले, तर धातू थंडच राहतो आणि सोल्डर वर नुसते बसते. सोल्डर पसरले की आधी तार बाजूला घ्यावी, मग आयर्न. जोड घट्ट होईपर्यंत हलवू नये, फुंकरही मारू नये.

चांगला जोड चकचकीत, उतरत्या बाजूंच्या छोट्या टेकडीसारखा दिसतो. मण्यासारखा गोल, भेगाळलेला किंवा खडबडीत दिसला, तर तो कच्चा समजावा. कारागीर त्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. थाप मारली की चालू होणाऱ्या आणि पुन्हा बंद पडणाऱ्या उपकरणात बऱ्याचदा हाच दोष असतो. असा जोड पुन्हा तापवून, किंचित नवे सोल्डर देऊन सुधारता येतो.

शिशाची गोष्ट

शिशाचे कोणतेही प्रमाण मुलांसाठी सुरक्षित मानलेले नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिसे वाढत्या मुलांच्या मेंदूवर परिणाम करते आणि गरोदर स्त्रीच्या शरीरातून पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते. याच काळजीपोटी युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक नव्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशावर बंधने घातली. शिसेविरहित तार बाजारात मिळते. ती साधारण २२० अंशांच्या आसपास वितळते, म्हणून थोडा जास्त ताप आणि सराव मागते. घरात लहान मुले असतील तर तीच घ्यावी.

सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. वर येणारा धूर राळेचा असतो, पण त्याने दमा बळावू शकतो. म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि तोंड धुरावर धरू नये. शिसे पोटात जाते ते मुख्यतः हातांवाटे. तेव्हा काम चालू असताना काही खाऊ-पिऊ नये, तार दातांत धरू नये आणि उठताच साबणाने हात धुवावेत. दस्तरखान जिथे अंथरतो किंवा बाळ जिथे रांगते, तिथे हे काम करू नये. टेबल वेगळे ठेवावे आणि शेवटी ओल्या फडक्याने पुसावे.

आणखी काही नियम

आयर्नचे टोक ३५० अंशांपर्यंत तापते. ओढणी, सैल बाह्या आणि मोकळे केस आवरूनच बसावे. आयर्न पडू लागला तर पकडायला जाऊ नये, पडू द्यावा. भाजलेच तर लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावे. टूथपेस्ट किंवा हळद लावू नये. भाजणे मोठे असेल तर दवाखाना गाठावा.

पहिले काही महिने फक्त बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूच हाती घ्याव्यात : टॉर्च, रिमोट, खेळणी. प्लग काढल्यावरही टीव्ही, मायक्रोवेव्ह, इन्व्हर्टर यांच्या आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. ती जिवावर बेतू शकते. ही उपकरणे जाणकाराच्या देखरेखीशिवाय उघडू नयेत.

गोडी लागली, तर दहावीनंतर आयटीआयमध्ये ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. मुलींनाही तिथे प्रवेश मिळतो, आणि दुरुस्तीचे बरेचसे काम घरच्या टेबलावर बसून होते. बारीक काम, स्थिर हात आणि सबुरी हे या कामाचे भांडवल. ज्या बहिणी जरीकाम किंवा शिवणकाम करतात, त्यांच्याकडे ते आधीच आहे.

आठवडाभर रोज वीस जोड करावेत आणि प्रत्येक जोड मल्टिमीटरने तपासावा. पहिल्या दिवसाची पट्टी जपून ठेवावी आणि आठव्या दिवशीची तिच्या शेजारी ठेवून पाहावी. हात किती पुढे गेला, हे मग कुणाला विचारावे लागणार नाही.