हिशेबाचं बिऱ्हाड हलवताना

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी मनी डॅशबोर्ड बंद झालं आणि ब्रिटनमधल्या अनेक घरांप्रमाणे आमच्याही घरखर्चाच्या हिशेबाला नवी जागा शोधणं भाग पडलं. एडिनबरातल्या कंपनीचं हे ॲप फुकट होतं. वेगवेगळ्या बँकांची खाती आणि क्रेडिट कार्डं ते एकत्र दाखवायचं. २०२२ मध्ये क्लिअरस्कोअर या कंपनीने ते विकत घेतलं आणि पुढच्याच वर्षी ते बंद झालं. आयएनजी बँकेचं योल्ट हे असंच ॲप तर त्याआधी, २०२१ मध्येच गेलं होतं.

पहिलं काम जुन्या नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून घ्यायचं. एका ओळीत एक व्यवहार: तारीख, दुकानाचं नाव, रक्कम, खर्चाचा वर्ग. दिसायला सोपं, पण फाइल नव्या ॲपमध्ये घालून पाहिली तेव्हा ०४/११ चा, म्हणजे ४ नोव्हेंबरचा किराणा थेट ११ एप्रिलला जाऊन बसला. ॲप अमेरिकी पद्धतीने महिना आधी वाचत होतं. सगळ्या तारखा वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लिहून घेतल्यावरच नोंदी जागेवर आल्या.

मग बँका जोडायच्या. ब्रिटनमध्ये जानेवारी २०१८ पासून ओपन बँकिंग सुरू झालं, त्यामुळे ॲपला पासवर्ड द्यावा लागत नाही. ॲप आपल्याला बँकेकडे पाठवतं, आपण तिथे ओळख पटवून परवानगी देतो आणि परत येतो. ती परवानगी चालू ठेवायची आहे, हे ॲपला ठरावीक काळाने पुन्हा सांगावं लागतं. परवानगी देण्याआधी कंपनीचं नाव फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी या नियामक संस्थेच्या नोंदवहीत पाहावं. ॲप सोडलं की बँकेच्या बाजूनेही परवानगी काढून टाकावी.

खरी परीक्षा पुढे. क्रेडिट कार्डावर महिन्यात ४०० पौंडांची खरेदी झाली आणि ते बिल चालू खात्यातून भरलं, तर खर्च ४०० चाच. पण एका ॲपने खरेदीही धरली आणि बिलही धरलं, म्हणजे खर्च ८०० वर गेला. हा घोळ ॲप स्वतः ओळखतं का, निदान आपल्याला हाताने दुरुस्त करू देतं का, हे मी प्रत्येक ठिकाणी आधी तपासलं. दुसरी कसोटी स्वतःचे वर्ग करण्याची मुभा. आईवडिलांना पुण्याला पाठवलेले पैसे 'इतर' मध्ये पडले, तर आमच्यासारख्या घराचं महिन्याचं चित्रच चुकतं. भारतातलं बँक खातं इथल्या ओपन बँकिंगमध्ये येत नाही. पेन्शनचंही तसंच. तेव्हा ही शिल्लक हाताने टाकायची सोय हवीच.

शेवटचा प्रश्न, ॲप कमावतं कशावर? मनी डॅशबोर्ड ग्राहकांच्या खर्चाची निनावी, एकत्रित माहिती संशोधनासाठी विकायचं. एम्मा हे ॲप काही सोयी फुकट देतं आणि बाकीच्यांसाठी वर्गणी घेतं. स्नूप या ॲपमागे बँक आहे: २०२३ मध्ये ते व्हँक्विस बँकिंग ग्रुपने घेतलं. वायनॅब हे ॲप सरळ वर्गणी मागतं आणि हातातला प्रत्येक पौंड खर्च होण्याआधीच त्याचं काम ठरवायला लावतं.

आम्ही वर्गणीचं ॲप घेतलं. वर्गणी दिली म्हणून ॲप टिकेलच असं नाही, पण कंपनीचा धंदा कशावर चालतो हे तरी स्पष्ट असतं. ज्या ॲपमधून सगळ्या नोंदी एका फाइलमध्ये बाहेर काढता येत नाहीत, ते कितीही देखणं असलं तरी घेऊ नका. आणि ५ एप्रिलला इथलं करवर्ष संपतं, त्या आठवड्यात वर्षभराची फाइल उतरवून आपल्याकडे ठेवा. ॲप बदलत राहतील, हिशेब मात्र आपल्या हातात राहायला हवा.