स्वस्त इस्पितळ निवडणाऱ्या रोग्यास बक्षीस

पेरणीपूर्वीं बियाणें घ्यावयाचें असलें म्हणजे आपला शेतकरी चार दुकानें हिंडतो, भाव विचारतो, शेजाऱ्याचा अनुभव ऐकतो व मगच पैसे मोजतो. बैल घेतांना तर तो दांत पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. परंतु तोच शेतकरी घरांतील दुखणेकऱ्यास घेऊन इस्पितळाच्या दारीं गेला म्हणजे भाव विचारण्याचें त्याला सुचत नाहीं, आणि सुचलें तरी धीर होत नाहीं. बिल हातीं पडतें तेव्हां काम होऊन गेलेलें असतें. पीक बुडालें तर एक हंगाम जातो; पण एका शस्त्रक्रियेच्या कर्जापायीं जमिनीचा तुकडा जातो, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

रोग्यानेंही गिऱ्हाइकाप्रमाणें भाव पाहून इस्पितळ निवडावें, आणि त्यानें तसें करावें म्हणून त्यालाच रोख बक्षीस द्यावें, असा एक प्रयोग अमेरिकेंत झाला आहे. आपल्या सभासदांच्या आजारपणाचा भार हलका करण्याचा विचार ज्या सहकारी संस्थांच्या मनांत येतो, त्यांनीं या प्रयोगाची हकीकत व त्याचें फळ नीट समजून घेणें अवश्य आहे. म्हणून तें येथें देत आहों.

बक्षिसाची पद्धत

अमेरिकेंत नोकरदार माणसाचा आरोग्यविमा बहुधा त्याचा मालक उतरवितो. एकाच शहरांत एकाच तपासणीचे दर निरनिराळ्या ठिकाणीं दुप्पट-तिप्पट असूं शकतात. परंतु बिलाचा मोठा भाग विम्यांतून जात असल्यामुळें स्वस्त ठिकाण शोधण्याची रोग्यास फारशी निकड वाटत नाहीं. तेव्हां मालकांनीं व विमा कंपन्यांनीं असा विचार केला कीं, रोग्यानें स्वस्त ठिकाण निवडल्यामुळें जो पैसा वांचेल त्यांतील थोडा भाग त्यालाच परत द्यावा.

पद्धत सोपी आहे. डॉक्टरानें तपासणी अगर शस्त्रक्रिया लिहून दिली कीं रोग्यानें विमा कंपनीची यादी पाहावयाची किंवा टेलिफोनवरून चौकशी करावयाची. यादींत स्वस्त म्हणून नेमून दिलेल्या ठिकाणीं काम करून घेतलें म्हणजे हिशेब पुरा झाल्यावर त्याच्या नांवें चेक येतो. न्यू हॅम्पशर राज्यांत सरकारी नोकरांसाठीं अशी योजना निघाली. मेन राज्यानें २०१७ सालीं कायदा करून लहान धंद्यांच्या कांहीं विमा-योजनांत अशा उत्तेजनाची सोय ठेवणें कंपन्यांवर बंधनकारक केलें.

आपल्याकडेही ही कल्पना अगदींच अपरिचित नाहीं. कांहीं विमा-पॉलिसींत, रोग्यानें स्वतंत्र खोली न घेतां सामायिक खोली घेतली तर दररोज ठराविक रोख रक्कम देण्याचें कलम असतें. तत्त्व तेंच: खर्च कमी करणाऱ्यास त्या बचतींत वांटा.

फळ काय मिळालें

या पद्धतीची कसोशीनें मोजणी केलेली एक पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. २९ मालकांनीं २०१७ सालीं ही योजना सुरू केली होती, व नोकर आणि त्यांचीं कुटुंबें मिळून २,६९,८७५ माणसें तींत येत होतीं. तांतडीच्या नसलेल्या अशा १३१ सेवा निवडल्या होत्या, व प्रत्येकीस २५ पासून ५०० डॉलरपर्यंत बक्षीस ठेवलें होतें.

पहिल्या बारा महिन्यांत या सेवांसाठीं दिलेल्या किंमतींत घट झाली ती २.१ टक्क्यांची. एकंदर बचत २३ लक्ष डॉलर, म्हणजे दर माणशीं वर्षास सुमारें ८ डॉलर. ही घटही मुख्यत्वें एम्. आर्. आय्. व अल्ट्रासाउंड या तपासण्यांत दिसून आली. शस्त्रक्रियांच्या किंमतींत कांहींच फरक पडला नाहीं.

पांचशें डॉलरांचें आमिष असूनही माणसें कां हललीं नाहींत? त्यांना पैशाची पर्वा नव्हती असें म्हणून हा प्रश्न सुटत नाहीं. त्याचें उत्तर शोधण्यापूर्वीं, आजारपणांत निवड खरोखर कोण करतो हें पाहिलें पाहिजे.

निवड कोण करतो

पायाच्या एम्. आर्. आय्. तपासणीसारखें साधें काम घ्या. दुखणें तांतडीचें नाहीं, चित्र कोणत्याही चांगल्या यंत्रावर बहुतेक सारखेंच निघतें, आणि दर मात्र ठिकठिकाणीं भिन्न. भाव पाहून घ्यावयाची वस्तु म्हणतात ती हीच. अमेरिकेंतील अर्थशास्त्रज्ञांनीं २०१८ सालीं याच तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत असें आढळलें कीं, घरापासून तपासणीच्या जागेपर्यंत जातांना रोगी सरासरीनें सहा स्वस्त ठिकाणें ओलांडून पुढें गेला होता. भाव पाहण्याचें साधन हातीं असून त्याचा उपयोग करणारे शेंकडा एकाहूनही कमी होते. रोगी कोठें जाणार हें मुख्यत्वें ठरलें तें त्याला पाठविणाऱ्या डॉक्टरावरून.

नुसतें दरपत्रक हातीं देऊनही काम भागत नाहीं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकांत २०१६ सालीं आलेल्या अभ्यासांत, दोन मोठ्या कंपन्यांनीं आपल्या नोकरांस दर पाहण्याची सोय करून दिल्यावर त्यांचा दवाखान्यांवरील खर्च कमी झाला नाहीं, असेंच आढळलें.

आमच्या वाचकांस यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. गाडी भरून माल बाजारांत नेणारा शेतकरी दहा अडत्यांच्या दुकानांवरून जातो. पण उतरतो तो ज्या अडत्याकडून उचल घेतली असेल त्याच्याच दारीं. भावाची माहिती नसते म्हणून नव्हे, तर तो बांधलेला असतो म्हणून. रोगी हा उचलीनें बांधलेला नसला तरी विश्वासानें बांधलेला असतो. डॉक्टरानें चिठ्ठीवर ज्या जागेचें नांव लिहिलें ती सोडून दुसरीकडे गेलों तर डॉक्टर रागावेल, पुढें नीट पाहणार नाहीं, ही धास्ती त्याच्या मनांत असते. आणि चिठ्ठीमागें जेथें दलाली असते तेथें तर रोग्याचें हित बाजूसच राहतें. ‘कट’ या नांवानें ही चाल आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. तीस बंदी घालण्याच्या कायद्याचा मसुदा महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं तयार केला होता, यावरून तिचा प्रसार ध्यानांत यावा.

तात्पर्य, ज्याच्या हातांत निवड नाहीं त्याला निवडीबद्दल बक्षीस लावून फारसें साधत नाहीं. शिवाय महाग तें चांगलें ही समजूत आजारपणांत फार बळावते. बायकोच्या पोटावर शस्त्रक्रिया करावयाची असतां ‘स्वस्तांत उरकलें’ असा बोल लावून घेण्यास कोणताही कुटुंबप्रमुख धजत नाहीं.

दुसरा मार्ग: दराची मर्यादा

याच अमेरिकेंत दुसऱ्या एका संस्थेनें निराळी वाट धरली. कॅलिफोर्निया राज्यांतील सरकारी नोकरांची कॅल्पर्स नांवाची निवृत्तिवेतन संस्था आपल्या सभासदांच्या आरोग्यविम्याचीही व्यवस्था पाहते. गुडघा अगर खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेस त्या राज्यांतील निरनिराळीं इस्पितळें १५,००० पासून १,१०,००० डॉलरपर्यंत आकार घेत, व गुणांत तसा फरक दिसून येत नसे. तेव्हां २०११ सालापासून संस्थेनें ३०,००० डॉलरांची मर्यादा घातली. त्या मर्यादेंत चांगलें काम करून देणाऱ्या इस्पितळांचीं नांवें सभासदांस आधींच कळविलीं. त्यांतील इस्पितळ निवडणाऱ्यास नेहमींचाच वांटा भरावा लागे. त्याहून महाग ठिकाणीं जाणाऱ्यास मर्यादेवरील सर्व रक्कम पदरची घालावी लागे.

पहिल्याच वर्षीं स्वस्त इस्पितळांत जाणारे सभासद सुमारें २१ टक्क्यांनीं वाढले, व महाग इस्पितळांत जाणारे सुमारें ३४ टक्क्यांनीं घटले. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, महाग इस्पितळांनीं या सभासदांपुरते आपले दरही सुमारें ३४ टक्क्यांनींच उतरविले. या दोन शस्त्रक्रियांवरच संस्थेचे त्या वर्षीं २८ लक्ष डॉलर वांचले. दोन्ही प्रयोगांतील माणसें व व्यवस्था भिन्न असल्यामुळें आंकड्यास आंकडा लावणें बरोबर होणार नाहीं. तरी एकींत १३१ सेवा व दुसरींत दोनच शस्त्रक्रिया, हा फरक डोळ्यांआड करतां येत नाहीं.

याचें कारण उघड आहे. बक्षिसाच्या योजनेंत एकेकटा रोगी इस्पितळापुढें उभा राहतो. तो आला काय, न आला काय, इस्पितळास त्याचें सोयरसुतक नसतें. मर्यादेच्या योजनेंत सबंध संस्था उभी राहते, व ‘या दरांत काम करा, नाहीं तर आमची माणसें येणार नाहींत’ असें आधींच बजावते. मग दर उतरविण्याची विवंचना रोग्यास न राहतां इस्पितळास लागते.

सहकाराचा अनुभव

शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनीं हें करून दाखविल्याचें उदाहरण आपल्या शेजारींच आहे. कर्नाटकांत सहकारी संस्थांच्या सभासदांसाठीं ‘यशस्विनी’ नांवाची योजना निघून २००३ सालीं तिचें काम सुरू झालें. आरंभीं सभासदास महिना पांच रुपये, म्हणजे वर्षास साठ रुपये भरावे लागत, व सरकारही मदत करी. पहिल्याच वर्षीं १६ लाखांवर माणसें तींत आलीं. सुमारें १६०० शस्त्रक्रियांचे दर इस्पितळांशीं आगाऊ ठरलेले होते. सभासदानें नेमलेल्या इस्पितळांत जावें, व भावाची घासाघीस त्यानें न करतां त्याच्यातर्फें योजनेनें करावी, अशी ती व्यवस्था होती. २०१८ सालीं ती सरकारच्या मोठ्या योजनेंत विलीन झाली व २०२२ सालीं पुन्हा सुरू करण्यांत आली.

महाराष्ट्रांत २०१२ सालीं आठ जिल्ह्यांत सुरू झालेली व २०१३ सालीं राज्यभर पसरलेली जीवनदायी योजना, जी २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवानें चालते, तिचेंही सूत्र हेंच आहे: उपचारांचे दर आधीं ठरलेले, व रोग्यानें नेमलेल्या इस्पितळांत जावयाचें.

याचा अर्थ रोख उत्तेजन सर्वस्वी वायां जातें असा मात्र नव्हे. २००५ सालच्या जननी सुरक्षा योजनेनें दवाखान्यांत प्रसूत होणाऱ्या मातेस रोख रक्कम दिली, व पुढील वर्षांत अशा प्रसूतींचें प्रमाण पुष्कळ वाढलें. परंतु तेथें विचार करण्यास कित्येक महिने हातीं होते, आणि आशा कार्यकर्तीच्या रूपानें सोबत देणारें विश्वासाचें माणूसही होतें. वेळ व वाटाड्या या दोन्ही गोष्टी असल्या म्हणजे बक्षीस कामीं येतें. मात्र दवाखान्याचें काम चांगलें नसेल तर नुसतें तेथवर नेल्यानें जीव वांचतो असें नाहीं, हेंही विसरतां कामा नये.

सभासदांनीं व संस्थांनीं काय करावें

सर्पदंश, हृदयविकाराचा झटका, अपघात, बाळंतपणांतील रक्तस्राव अशा प्रसंगीं भावाचा विचारही मनांत आणूं नये. जवळचें योग्य इस्पितळ गांठावें. परंतु मोतीबिंदु, अंतर्गळ, मुतखडा, गुडघ्याची शस्त्रक्रिया, रक्ताच्या व चित्राच्या तपासण्या यांत बहुधा चार दिवसांची सवड असते. अशा वेळीं पुढील गोष्टी कराव्या.

(१) खर्चाचा अंदाज लेखी मागावा. २०२१ सालच्या सुधारित नियमांप्रमाणें महाराष्ट्रांतील खाजगी इस्पितळांनीं दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद लावावयाची आहे. ती पाहण्याचा संकोच धरूं नये.

(२) इस्पितळ महात्मा फुले योजनेंत आहे काय व आपलें दुखणें तींत बसतें काय, हें दाखल होण्यापूर्वीं विचारावें.

(३) तपासणी दुसरीकडे केली तर चालेल काय, असें डॉक्टरासच सरळ व नम्रपणें विचारावें. चांगला डॉक्टर या प्रश्नानें रागावत नाहीं.

(४) संस्थांनीं आपल्या तालुक्यांतील नेहमींच्या दहा-पांच शस्त्रक्रियांचे व तपासण्यांचे दर गोळा करावे, विश्वासू डॉक्टरांकडून कामाच्या गुणाची खात्री करून घ्यावी, आणि सर्व सभासदांच्या वतीनें ठराविक दर बांधून घ्यावे. त्यांतून पैसा वांचल्यास सभासदास गाडीभाडें म्हणून कांहीं द्यावें. पण तें दुय्यम. आधीं दर बांधणें महत्त्वाचें.

खत व बियाणें एकेकट्यानें घेण्याऐवजीं संस्थेमार्फत एकत्र घेतल्यानें काय फरक पडतो, हें आपण पाहिलें आहे. इस्पितळाच्या दारांत एकटा उभा राहिलेला शेतकरी तर खताच्या दुकानांतील गिऱ्हाइकाहूनही अधिक अगतिक असतो. त्याच्या हातावर बक्षिसाचे चार रुपये ठेवण्यापेक्षां, तो आजारी पडण्यापूर्वींच संस्थेनें त्याच्यासाठीं दर ठरवून ठेवणें हें अधिक उपकारक होय. पुढील वार्षिक सभेंत प्रत्येक संस्थेनें हा विषय घ्यावा, अशी आमची सूचना आहे.