जुन्या लोखंडी नळास प्लॅस्टिकचा नळ कसा जोडावा?

नांदेडहून येणारा रस्ता वारंगा फाट्यास दुभंगतो. एक वाट कळमनुरीवरून हिंगोलीस, तर दुसरी हदगाव-उमरखेडवरून यवतमाळकडे जाते. अशा ग्रामीण भागात जलजीवन मिशनचे, म्हणजे २०१९ नंतरचे प्लॅस्टिकचे नळ जुन्या जस्ती लोखंडी नळांस जोडण्याचा प्रसंग वारंवार येतो. नळ दोन्ही चांगले असतात. बिघाड होतो तो सांध्यात.

प्लॅस्टिकचे टोक जाळावर तापवून लोखंडावर चढवावयाचे व वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळावयाची, ही रीत सर्वत्र आढळते. असा सांधा प्रारंभी गळत नाही. परंतु उन्हाने प्लॅस्टिक लोखंडापेक्षा पुष्कळ अधिक प्रसरण पावते आणि सांधा सैल होतो. पाणी दिवसाआड येत असेल तर धोका अधिकच, कारण पुरवठा थांबताच नळात पोकळी निर्माण होऊन भोवतालचे पाणी आत ओढले जाते. तेथे गटार असल्यास हगवण व कावीळ घरात येण्यास तेवढी एक फट पुरते.

चिकटद्रव लोखंडास धरत नाही. म्हणून सांधा आट्यांचाच हवा. लोखंडी सॉकेटमध्ये बाहेरून आटे असलेला प्लॅस्टिकचा जोड बसवावा. याच्या उलट, लोखंडी आट्यांवर प्लॅस्टिकचा सॉकेट आवळू नये. लोखंडी आटे निमुळते असल्याने ते पाचरीप्रमाणे शिरतात व सॉकेट चिरतो, बहुधा नळ पुरून झाल्यावर! तसे करणे भागच पडल्यास आत पितळी आटे असलेला जोड घ्यावा. आटे तारेच्या ब्रशाने घासून त्यांवर टेफलॉनची पट्टी आवळण्याच्या दिशेने गुंडाळावी. जोड प्रथम हाताने, नंतर पान्ह्याने एखादा फेरा आवळावा. प्लॅस्टिकचा नळ त्यानंतर चिकटवावा.

आट्यांना ताग व सफेदा लावण्याची जुनी सवय पिण्याच्या नळापुरती सोडावी. सफेद्यात शिसे असू शकते आणि शिसे मुलांच्या मेंदूस अपाय करते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक शिसे भारतीय मानकास मान्य नाही. पीव्हीसी नळांतील शिशाबाबतही केंद्र शासनाने २०२१ साली नियम केले आहेत. तेव्हा बिनछापाचा स्वस्त नळ घेऊ नये.

चिकटविलेला भाग एक दिवस वाळू द्यावा. मग पाणी सोडून सांधा उघडाच तपासावा, पहिले पाणी वाहू द्यावे आणि त्यानंतरच चर बुजवावा.