गोठ्याच्या धन्याची सुट्टी

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. आदल्या दिवशी त्याचे खांदे हळद-तुपाने मळले जातात, त्याला पुरणपोळी खाऊ घातली जाते आणि एक दिवसापुरते का होईना, त्याचे कष्ट सारे घर मान्य करते. त्याच घरी दुभत्या गाई असतील, तर गोठ्याचा धनी मात्र पोळ्याच्या पहाटेही चार वाजता उठतो. गाईच्या कासेला सणवार ठाऊक नसतो. दिवसाला दोन धारा, वर्षाला सातशे तीस. त्यांतील एकही चुकविता येत नाही. चुकविली तर कास तटते, दूध आटते आणि कासदाहाचे भय उभे राहते.

पूर्वी दोन-तीन गावठी गाई किंवा एखाददुसरी म्हैस घरच्यापुरती असे, तेव्हा हे काम अंगावर येत नसे. उरुळीकांचन येथे १९६७ साली मणिभाई देसाई यांनी स्थापन केलेल्या ‘बाएफ’सारख्या संस्थांच्या प्रयत्नांतून संकरित गाई गावोगावी पोचल्या, १९७० पासून ‘दुधाचा महापूर’ योजनेने संकलनाची साखळी उभी केली आणि कालचा जोडधंदा कित्येक घरांत मुख्य धंदा होऊन बसला. आठ संकरित गाईंचा गोठा हा आज एक लहान कारखानाच होय. प्रत्येक गाईला रोज २५ किलो हिरवा चारा धरला, तर दोन क्विंटल चारा कापणे, वाहणे आणि त्याची कुट्टी करणे एवढे एकच काम दररोजचे आहे. शेण, पाणी, आंबोण, वासरे, संकलन केंद्रावरची खेप ही त्याहून निराळी. कारखान्याला पाळ्या असतात. या कारखान्याची तिन्ही पाळ्यांची माणसे तीच.

अशा धंद्यात चार-सहा वर्षे सुट्टीवाचून राबलेल्या माणसाची जी अवस्था होते, तिला पुष्कळदा आळस किंवा नशीब समजले जाते. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तिची नोंद केली आहे. रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून. शहरात तिला ‘बर्नआउट’ म्हणतात. तिची लक्षणे तीन सांगितली आहेत: विश्रांतीनेही न जाणारा थकवा, कामाविषयी तुटकपणा व कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. गोठ्यात याचे रूप ओळखू येण्यासारखे असते. ज्या गाईला नावाने हाक मारली जाई, तिला आता नुसता दांडका दाखविला जातो. दुधाचे बिल हाती येते, ते न वाचताच खिशात जाते.

धन्याच्या आधी गोठाच हा थकवा सांगू लागतो. गाईचा माज साधारण बारा ते अठरा तास टिकतो. पहाटे दिसला तर सायंकाळी रेतन करावे, असा नियम आहे. झोपेने डोळे जड झालेल्या माणसाच्या नजरेतून तो निसटतो आणि पुढच्या माजासाठी एकवीस दिवस थांबावे लागते. असे दोनदा घडले की दीड महिन्याचा दाणा-वैरणीचा खर्च अंगावर पडतो. कासदाहाचेही तसेच. धारेपूर्वी पहिल्या दोन-चार चिळा काळ्या कापडावर किंवा वाटीत पाहिल्या, तर दुधातील गाठी तत्काळ दिसतात. पण थकलेला हात ही एवढीशी गोष्ट प्रथम सोडून देतो. मग सड निकामी होतो आणि दोष कर्मावर जातो.

येथे एक चूक हमखास होते. हप्ता भागेना म्हणून धनी आणखी दोन गाई आणतो. उत्पन्न थोडे वाढते, काम पुष्कळ वाढते आणि हप्ताही वाढतो. त्याऐवजी महिन्यातून एक दिवस प्रत्येक गाईचे दोन्ही वेळचे दूध वेगळे मोजून वहीत मांडावे. आठांतील एखाददुसरी गाय इतरांच्या कमाईवर पोसली जात आहे, असे अनेकदा दिसून येते. ती कमी केल्याने गोठा लहान दिसेल, शेजारी विचारतील. तथापि सहा चांगल्या गाई आणि सहा तासांची झोप हा व्यवहार तोट्याचा नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहावयास हवी. संकलन केंद्राच्या पुस्तकावर नाव एकाचे असते, पण शेण काढणारी, वासरे पाजणारी आणि बहुतेक ठिकाणी धारही काढणारी घरधनीण असते. धन्याच्या विश्रांतीचा विचार करताना तिच्या वाट्याला दुप्पट काम आले, तर ती विश्रांती नव्हे.

मूळ अडचण कष्टांची नाही, तर त्या कष्टांना दुसरा हात लागू शकत नाही, ही आहे. कोणत्या गाईला किती आंबोण, कोणती लाथ मारते, कोणती गाभण आहे, कोणत्या तारखेला आटवावयाची, हे सारे एकाच्या डोक्यात असते. म्हणून त्याला घर सोडता येत नाही. लेकीच्या सासरी कार्य असले तरी तो अक्षता पडताच परततो. यास्तव पहिले काम म्हणजे हे ज्ञान डोक्यातून भिंतीवर आणणे. दावणीजवळ एक फळा टांगून त्यावर प्रत्येक गाईचे नाव, आंबोणाचे माप, वेताची व रेतनाची तारीख खडूने लिहावी. एवढ्याने कोणाही जाणत्या माणसाला गोठा चालविता येतो.

चाऱ्याचे ओझे मुरघासाने हलके होते. मक्याचे दाणे दुधाळ व चिकाच्या अवस्थेत असताना कापून, बारीक कुट्टी करून, हवा राहणार नाही अशी दाबून भरली म्हणजे सुमारे पंचेचाळीस दिवसांत मुरघास तयार होतो. आठ गाईंना प्रत्येकी १५ किलो धरल्यास महिन्याला ३६ क्विंटल लागेल. कापणीचा त्रास वर्षातून काही दिवसच आणि रोज फक्त काढून घालणे. मुक्त गोठ्यातही बांधणे-सोडणे, पाणी पाजणे आणि रोज शेण उचलणे पुष्कळसे वाचते. मात्र गरीब स्वभावाची गाय गव्हाणीवरून हटविली जाते, तिच्याकडे लक्ष ठेवावेच लागते.

राहिला प्रश्न माणसाचा. फिनलंडमध्ये १९७० नंतरच्या दशकात पशुपालकांच्या वार्षिक सुट्टीसाठी बदली माणूस पुरविण्याची व्यवस्था कायद्याने झाली. आपल्याकडे तसा कायदा नाही. पण सावड आहे. पेरणीला, नांगरटीला एकमेकांचे बैल आणि माणसे लावण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. तीच गोठ्याला लावता येते. जवळजवळचे चार गोठे एकत्र आले आणि प्रत्येकाने पाळीने शेजाऱ्याच्या धारा सांभाळल्या, तर प्रत्येक घराला दोन महिन्यांतून दोन-तीन दिवस मोकळे मिळणे अवघड नाही.

सावडीत काही पथ्ये मात्र कसोशीने पाळावीत. गाय अनोळखी हाताला घाबरली तर पान्हा चोरते. म्हणून बदली माणसाने आधी चार-पाच दिवस धन्याबरोबर धारेला बसावे. पान्हा सुटल्यावर पाच-सात मिनिटांत धार पुरी व्हावी. रोग एका गोठ्यातून दुसऱ्यात हातांनी आणि कपड्यांनीही जातो. तेव्हा बादली ज्या त्या गोठ्याची वापरावी, हात व कास धुवावी आणि कासदाह झालेली गाय सर्वांत शेवटी पिळावी. गावात लाळ्या-खुरकुताची साथ असेल तर सावड थांबवावी.

झोप उडणे, जेवणावरची वासना जाणे, जगणे नकोसे वाटणे, असे काही असेल तर हा प्रश्न गोठ्याच्या सोयीचा उरत नाही. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विनासंकोच सांगावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते, मराठीतही बोलता येते. गाय बसून राहिली की तासाभरात पशुवैद्याला निरोप जातो. माणूस बसून राहिला तर घर महिनोन् महिने वाट पाहते.

प्रारंभ एका धारेच्या सुट्टीने करावा. ज्या पंधरवड्यात कोणतीही गाय विण्याला टेकलेली नाही आणि एकदोन गाई आटलेल्या आहेत, तो निवडावा. सायंकाळची धार शेजाऱ्यावर सोपवून धन्याने व घरधनिणीने गावाबाहेर जावे. गावातच राहिल्यास पाय गोठ्याकडे वळतात. पहिल्या खेपेस लिटर-दोन लिटर दूध कमी भरेल. ते वहीत लिहून ठेवावे आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेचा आकडा त्याखाली मांडावा.