कॅसेटवर रफी, आत सोनू निगम

२००९मध्ये ‘दिल्ली-६’ आला आणि ‘ससुराल गेंदा फूल’ देशभर वाजू लागलं. रायपूरच्या जुन्या रेडिओश्रोत्यांना मात्र हे गाणं नवं नव्हतं. तिथल्या जोशी भगिनींनी हे छत्तीसगढी लोकगीत १९७०च्या दशकातच गायलं होतं. त्यामुळे रेखा भारद्वाज यांच्या आवाजातल्या ज्या गाण्याला लोक बिनधास्त ‘ओरिजिनल’ म्हणतात, ते मुळात पुन्हा गाऊन घेतलेलंच.

पुन्हा गाऊन घेतलेलं ते सगळं चोरीचं, हा सर्वांत चिवट गैरसमज. त्याला कारण नव्वदच्या दशकातल्या कॅसेटी. टी-सीरिजची ‘रफी की यादें’ हौसेनं घरी आणावी, तर गायक सोनू निगम! किशोरकुमारच्या गाण्यांना कुमार सानू. गिऱ्हाईक चिडायचं आणि ‘डुप्लिकेट’ म्हणून मोकळं व्हायचं. पण मूळ टेपवरून बेकायदा प्रती काढणं वेगळं आणि तीच चाल, तेच शब्द नव्या गायक-वादकांकडून ध्वनिमुद्रित करणं वेगळं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(जे)नं पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर दोन वर्षांनी, रीतसर सूचना देऊन आणि रॉयल्टी भरून, या दुसऱ्या प्रकाराला वाट दिली होती. मूळ कंपन्यांना ते रुचत नसे. प्रकरणं कोर्टातही गेली.

२०१२च्या दुरुस्तीनं ही वाट अरुंद केली. नव्या कलम ३१सीनुसार आता पाच कॅलेंडर वर्षं थांबावं लागतं, ही ‘कव्हर व्हर्जन’ आहे असं वेष्टनावर छापावं लागतं आणि आधीच्या गायकाचं नाव किंवा चित्र तिथे वापरता येत नाही. गिऱ्हाइकाची खरी तक्रार वेष्टनाबद्दल होती, ती कायद्यानं उशिरा का होईना ऐकली.

नक्कल करतात ते होतकरूच, असंही नाही. १९९२च्या ‘श्रद्धांजली’त खुद्द लता मंगेशकर यांनी सैगल, रफी, किशोरकुमार यांची गाणी गायली. गीतरामायणाचं तर विचारूच नका. पुणे असो की रायपूरची चौबे कॉलनी, मराठी घरात गीतरामायण म्हणजे सुधीर फडके. मात्र १९५५-५६मध्ये पुणे आकाशवाणीवरून ५६ गीतं प्रसारित झाली, तेव्हा माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे अनेक आवाज त्यात होते. सगळी गीतं फडके यांच्या गळ्यातून ऐकू येतात ती नंतरच्या रेकॉर्डमुळे. तिला दुय्यम म्हणण्याचं धाडस कोण करेल?

‘ओरिजिनल साउंडट्रॅक’ म्हणजे पडद्यावर ऐकलं तेच, हेही अर्धसत्य. ७८ आरपीएमच्या रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावत. लांबलचक गाण्याचं एखादं कडवं पडद्यापुरतंच राही. ‘महल’च्या (१९४९) ‘आएगा आनेवाला’च्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’, म्हणजे मधुबालानं साकारलेलं पात्र! पुढे एचएमव्हीनं ‘रिव्हायव्हल’ मालिका काढली. तिथे गळा जुना, पण त्यावर नवी वाद्यं चढवलेली. अशा रेकॉर्डला कोणत्या खणात ठेवायचं?

जुनं ते फुकट, हा ताजा गैरसमज. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, म्हणजे १९४९च्या रेकॉर्डचा २००९अखेर संपला. शब्द आणि चालीचे हक्क मात्र वेगळे. ते कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात. लोकगीताला असा धनी सहसा नसतो, म्हणून ‘गेंदा फूल’ची परंपरागत चाल कुणीही गावी. ‘दिल्ली-६’चे संगीतकार ए. आर. रहमान यांच्या ध्वनिमुद्रणाची प्रत काढायची, तर मात्र परवानगी हवीच.