जालन्याचे बेथेल: एका पंगतीची वास्तू

कुंभार पिंपळगावजवळचे समर्थांचे जांब महाराष्ट्रभर ठाऊक आहे. त्याच जालना जिल्ह्यातल्या बेथेलचे नाव मात्र फारसे कुणी घेत नाही. जालना शहरालगत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसलेले हे ख्रिस्ती गाव. ते वसवले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी.

ब्राह्मण घरातल्या शेषाद्रींनी मुंबईत १८४३ साली बाप्तिस्मा घेतला. मिशनऱ्यांकडे राहायला गेलेला त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्या ताब्यावरून खटला झाला. कोर्टाने मुलगा वडिलांकडे सोपवला आणि त्याला जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर सनातन्यांशी झगडले. त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये फ्री चर्च स्थापन झाले. आपला पाळक मंडळीने निवडावा, जमीनदाराने लादू नये, या आग्रहातून स्कॉटलंडच्या मूळ चर्चमध्ये ही फूट पडली होती. शेषाद्री पुढे याच चर्चचे पाळक झाले.

जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. दिवाण सर सालारजंग यांच्या काळात सरकारने बेथेलसाठी सुमारे ८०० एकर जमीन दिली. तिथे राहायला आलेली बहुतेक कुटुंबे मांग समाजातली, पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवलेली. मुसलमान दिवाणाचे राज्य, स्कॉटिश मिशन आणि ब्राह्मण कुळातला पाळक यांच्या मेळातून त्यांना हक्काचे गाव मिळाले.

व्हिक्टोरियन काळातले चर्च म्हटले की टोकदार कमानी, उंच मनोरा आणि रंगीत काचा डोळ्यांपुढे येतात. बेथेलची मंडळी ज्या फ्री चर्चच्या परंपरेतली, तिथे मात्र भर साधेपणावर. आत गाभारा नाही, मूर्ती नाही. सगळ्यांना दिसेल आणि ऐकू येईल असे उंच व्यासपीठ, त्यापुढे प्रभुभोजनाचे मेज. आमच्या त्या काळच्या देवळांत गाभारा, सभामंडप, पायरी अशी प्रत्येकाची जागा ठरलेली, आणि मांगाला तर पायरीही वर्ज्य. इथे सगळ्यांसाठी एकच दालन. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि प्याला बसल्या जागी हातोहात फिरे. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांच्या हातचा प्याला पुढचा माणूस ओठांना लावी.

१८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत शेषाद्री पांढरा फेटा बांधून बोलायला उभे राहिले. त्यांनी धर्म बदलला होता, देशी वेष सोडला नव्हता. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

मराठवाड्यातल्या समतेच्या चळवळींचा इतिहास लिहिताना बेथेलला त्यात मानाचे पान मिळायला हवे. कुणाला कुठवर येऊ द्यायचे हे भिंती ठरवत असतात, आणि तो जुना निवाडा इथे मोडला गेला.