किल्ली न दाखवता मालकी कशी सिद्ध करावी?

अकोल्याहून पातूरमार्गे वाशीमला निघालात, तर मालेगावच्या अलीकडे मेडशी हे गाव लागते. या गावात, किंवा तुमच्या स्वतःच्या गावात, एखाद्या बचत गटाच्या बैठकीला जाऊन बसा. गटाच्या खात्यातून पैसे काढायचे असले, तर स्लिपवर एकीची सही पुरत नाही. अध्यक्षा आणि सचिव अशा दोघींच्या सह्या लागतात. कारण उघड आहे. पैसा सर्वांचा आहे. तो कोणा एकीच्या मनावर सोडता येत नाही. एक चुकली तर दुसरी थांबवील, हा त्यामागचा विचार.

ग्रामपंचायतीतही तसेच आहे. वित्त आयोगाकडून आलेला निधी खर्च करताना आता धनादेश फाडत नाहीत. ई-ग्रामस्वराज या संगणकीय प्रणालीवर ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि सरपंच असे दोघे आपापली डिजिटल सही करतात. दोन्ही सह्या झाल्या की मगच रक्कम हलते. ही सही पेनाने होत नाही. बोटाएवढ्या एका टोकनमध्ये एक गुप्त संख्या जपून ठेवलेली असते, तिच्या साहाय्याने संगणक ही सही करतो.

विद्यार्थी मित्रांनो, आता एक कोडे पाहा. संख्या गुप्त आहे, ती कोणालाच दाखवायची नाही. मग सही तपासणाऱ्याला ती खरी आहे हे कसे कळते? आणि बिटकॉइनसारख्या कूटचलनाच्या ज्या पाकिटाला दोघातिघांच्या सह्या लागतात, ते पाकीट आपलेच आहे हे त्यातला एक पैसाही न हलवता कसे दाखवून द्यायचे?

करून पहा

कागद-पेन्सिल घ्या. समजा, तुम्हाला ५ या संख्येवर सही करायची आहे. तुमची गुप्त किल्ली आहे ७. ती मनातच ठेवा. ३ आणि ३३ ही तुमची जाहीर किल्ली. ती शाळेच्या फळ्यावर लिहिली तरी चालेल.

सही अशी करायची: ५ ही संख्या ७ वेळा घेऊन गुणाकार करा. उत्तर येते ७८१२५. याला ३३ ने भागा. बाकी उरते १४. ही झाली तुमची सही.

आता तपासणारा काय करील? त्याला ७ ठाऊक नाही. तो १४ चा घन काढील, म्हणजे २७४४. त्याला ३३ ने भागील. बाकी ५ उरते! मूळ संख्या परत मिळाली; सही खरी ठरली. मधल्यामध्ये कोणी लबाडाने ५ चे ६ केले असते, तर ही सही ६ शी जुळली नसती.

ही ७ आली कुठून? ३३ म्हणजे ३ गुणिले ११. या दोन्ही अवयवांतून एक-एक वजा करून गुणा: २ गुणिले १० बरोबर २०. आता ३ ला अशा संख्येने गुणायचे की २० ने भागल्यावर बाकी १ उरावी. ३ गुणिले ७ बरोबर २१. म्हणून ७. तेव्हा ज्याला ३३ चे अवयव पाडता येतील त्याला गुप्त किल्ली सापडेल. ३३ चे अवयव तर सहावीतला मुलगाही पाडील! म्हणून प्रत्यक्षात ३३ च्या जागी सहसा ६१७ अंकी संख्या घेतात. तेवढ्या मोठ्या संख्येचे अवयव पाडणे आजच्या संगणकांना शक्य झालेले नाही.

जाहीर आणि गुप्त अशा जोडकिल्ल्यांची कल्पना व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली मांडली. वर केलेली गणिताची पद्धत रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांची, १९७७ सालची. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० या कायद्याने डिजिटल सहीला मान्यता मिळाली.

बिटकॉइनचे व्यवहार २००९ साली सुरू झाले. त्यात गणित निराळे असते. एका विशिष्ट वक्रावरील बिंदूंचा उपयोग करतात. तेथील गुप्त किल्ली म्हणजे ७८ अंकांपर्यंतची एक संख्या. तत्त्व मात्र तेच: सही करायला गुप्त किल्ली, तपासायला जाहीर किल्ली.

पैसे न हलवता दिलेला पुरावा

सही व्यवहारावरच करावी लागते असे नाही. कोणत्याही वाक्यावर ती करता येते. प्रथम त्या वाक्यापासून ठरलेल्या रीतीने एक संख्या तयार करतात. तिला आपण वाक्याचा ‘ठसा’ म्हणू. वाक्यातला एक काना जरी बदलला, तरी ठसा पार बदलतो. सही या ठशावर होते. तिला शुल्क पडत नाही आणि नाणेही जागचे हलत नाही.

पण कोणी ‘नुसता संदेश आहे’ म्हणून फसवून आपल्याकडून व्यवहारावरच सही करून घेतली तर? यासाठी बिटकॉइनमध्ये एक युक्ती आहे. ठसा काढण्याआधी संदेशाला ‘हा सही केलेला संदेश आहे’ अशा अर्थाची एक ठराविक ओळ जोडतात. त्यामुळे संदेशावरची सही व्यवहारासाठी वापरताच येत नाही.

या पुराव्याची ताकद २०२० च्या मे महिन्यात जगाने पाहिली. क्रेग राइट हे गृहस्थ बिटकॉइनचा जनक आपणच, असे सांगत होते. अमेरिकेतील एका खटल्यात त्यांच्या म्हणून दाखवलेल्या पत्त्यांची यादी पुढे आली होती. त्यांपैकी १४५ पत्त्यांच्या किल्ल्यांनी सही केलेला एक संदेश अज्ञात व्यक्तीने प्रसिद्ध केला. या पत्त्यांच्या किल्ल्या राइट यांच्याकडे नाहीतच, असे त्यात म्हटले होते. सह्या कोणीही तपासाव्यात. त्या खऱ्या निघाल्या. पुढे १४ मार्च २०२४ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयानेही राइट हे बिटकॉइनचे जनक नाहीत असा निर्णय दिला.

तीन किल्ल्या, दोन सह्या

आता बहुसही पाकिटाकडे वळू. तीन मैत्रिणींनी मिळून पाकीट काढले: सुमन, लता आणि रेखा. अट अशी, की तिघींपैकी कोणत्याही दोघींच्या सह्या हव्यात. सुमन-लता, लता-रेखा, सुमन-रेखा अशा तीन जोड्या होतात. एकीची किल्ली हरवली तरी उरलेल्या दोघींची एक जोडी शिल्लक राहते. एकीची किल्ली चोरीला गेली तरी चोराला एका किल्लीने काहीच करता येत नाही.

एकट्याच्या पाकिटाचा पत्ता हा एका जाहीर किल्लीचा ठसा असतो. तिघींच्या पाकिटाचा पत्ता तसा नसतो. ‘या तीन जाहीर किल्ल्या, यांपैकी दोन सह्या’ अशी जी अट लिहिलेली असते, त्या सबंध अटीचा ठसा हाच पत्ता होतो. २०१२ साली बिटकॉइनमध्ये ही सोय आली. ‘३’ या अंकाने सुरू होणारे अनेक पत्ते या जातीचे आहेत.

येथेच अडचण उभी राहते. सही तपासायची नेहमीची रीत विचारते, ‘या पत्त्याची किल्ली कोणती?’ पण या पत्त्याला एक किल्ली नाहीच! मग मालकी सिद्ध करायची ती अशी:

१. तपासणारा एक वाक्य देतो. त्यात आजची तारीख, पुरावा कोणासाठी आहे त्याचे नाव आणि मनाला येईल ती एक मोठी संख्या असते. त्यामुळे मागच्या वर्षीची जुनी सही पुन्हा पुढे करता येत नाही.

२. सुमन आणि लता त्याच वाक्यावर वेगवेगळ्या, आपापल्या किल्लीने सही करतात.

३. दोन सह्यांबरोबर त्या मूळ अटही उघड करतात.

४. तपासणारा अटीचा ठसा काढून तो पत्त्याशी जुळतो का ते पाहतो. मग दोन्ही सह्या अटीतल्या दोन निरनिराळ्या किल्ल्यांशी ताडून पाहतो. सगळे जुळले, की पुरावा पुरा झाला.

हे सर्व एका साच्यात बसावे म्हणून २०१८ साली ‘बीआयपी ३२२’ नावाचा प्रस्ताव पुढे आला. कधीच खर्च होऊ शकणार नाही असा एक लटका व्यवहार रचायचा आणि त्यावर खऱ्यासारख्याच सह्या करायच्या, अशी ती कल्पना आहे.

मात्र या पुराव्याची मर्यादा ओळखा. सहीने सिद्ध होतो तो ताबा. किल्ली खिशात आहे म्हणजे घर आपलेच, असे थोडेच आहे? चोरानेही किल्ली मिळवली तर त्याची सही खरीच ठरेल.

दोन हजार कोटींचा धडा

बहुसही पाकीट असले म्हणजे धोका टळला काय? याचे उत्तर आपल्या मुंबईतच मिळाले. वझीरएक्स ही कूटचलनाच्या देवघेवीची तेथील कंपनी. तिच्या एका पाकिटाला सहा सहीदार होते: पाच कंपनीचे आणि एक लिमिनल या पाकीट सांभाळणाऱ्या कंपनीचा. व्यवहाराला कंपनीच्या तिघांच्या सह्या आणि शेवटी लिमिनलची सही, अशा चार सह्या लागत. तरीही १८ जुलै २०२४ रोजी या पाकिटातून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळजवळ २००० कोटी रुपयांची कूटचलने चोरीला गेली. ग्राहकांना आपले पैसे काढता येईनात. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनात या चोरीचा आळ उत्तर कोरियाच्या हस्तकांवर ठेवला.

गणित मोडले होते काय? मुळीच नाही. वझीरएक्सच्या म्हणण्याप्रमाणे, सहीदारांना पडद्यावर दिसत होता एक व्यवहार आणि सह्या झाल्या त्या दुसऱ्याच मजकुरावर. त्या मजकुरामुळे पाकिटाचा ताबाच चोरांकडे गेला. पुढे त्यांना कोणाच्याही सहीची गरज उरली नाही. दोष आपल्या बाजूचा नाही, असे दोन्ही कंपन्यांनी सांगितले. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या परदेशी कंपनीच्या बहुसही पाकिटातूनही सुमारे १५० कोटी डॉलर अशाच तऱ्हेने गेले.

चार माणसांनी एकच खोटा पडदा पाहिला, तर चार सह्यांची किंमत एका सहीएवढीच होते. दोन सह्यांचा उपयोग तेव्हाच, जेव्हा दोन माणसे स्वतंत्रपणे वाचतात, स्वतंत्रपणे विचार करतात. म्हणून मोठ्या रकमेचे सहीदार आता वेगळ्या उपकरणावर, वेगळ्या मार्गाने मजकूर पडताळून पाहण्याचा आग्रह धरतात.

हा धडा कूटचलनापुरताच नाही. ग्रामपंचायतीची दोन्ही टोकने सोय म्हणून एकाच टेबलाच्या खणात ठेवली, किंवा बचत गटाच्या सचिवाने कोऱ्या स्लिपांवर आधीच सह्या करून दिल्या, तर दोन कुलपांच्या पेटीला एकच किल्ली उरली असे समजा. गणित आपले काम चोख करते. वाचून सही करणे हे काम मात्र माणसाचेच आहे.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. लताची जाहीर किल्ली ३ आणि ५५ आहे. ५ या संख्येवर तिने केलेली सही २५ आहे असे कोणी सांगतो. ती खरी आहे का? २५ चा घन काढा, ५५ ने भागा आणि ठरवा. नंतर तिची गुप्त किल्लीही शोधून पाहा. ५५ चे अवयव तर तुम्हाला येतातच!